डीडीरेस्क्यू: अण्णांच्या दुकानातली हार्ड डिस्क गचकली तेव्हा

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकतो. १ टीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज चालूच होत नव्हतं, त्यातलं ९९.९९ टक्के परत मिळालं. सॉफ्टवेअरला खर्च शून्य, नवीन डिस्कला साडेपाच हजार, आणि वेळ म्हणाल तर जवळजवळ चार दिवस, त्यातले तीन दिवस मी फक्त एका काळ्या स्क्रीनकडं बघत चहा पीत होतो. सॉफ्टवेअरचं नाव ग्नू डीडीरेस्क्यू. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आता सविस्तर. अण्णांचं सांगलीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांची जमाखर्चाची पत्रकं, असलं काम. कॉम्प्युटरवर विंडोज ७, त्यात पानं लावायला पेजमेकर, डिझाइनला कोरल आणि मराठी टायपिंगला श्रीलिपी, आणि हे सगळं का बदलत नाही असं विचारलं की अण्णा म्हणतात "चालतंय की". बॅकअप घ्यायची सवय खरं तर होती त्यांना, दर वर्षी दिवाळीनंतर सीडी मारून ठेवायचे, पण तो सीड्यांचा डबा २०१९ च्या महापुरात गेला. कॉम्प्युटर माळ्यावर टाकला म्हणून वाचला, डबा टेबलाखाली राहिला. त्यानंतर बॅकअप घेणं बंद. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच सोडून दिलं, पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार.

तर झालं असं की मार्चमध्ये, ऐन पत्रिकांच्या सीझनला, कॉम्प्युटर हळू चालायला लागला. फाइल उघडायला दोन-दोन मिनिटं, कॉपी करायला घेतली की एका फाइलवर हिरवी पट्टी थांबायची ती थांबायचीच. मग एके दिवशी विंडोजच येईना. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हणाला काका चेकडिस्क मारू, नाहीतर फॉरमॅट करून सॉफ्टवेअरनं डेटा काढू. मी पुण्याहून फोनवर एकच सांगितलं, अण्णा, बटन बंद करा आणि कुणालाही हात लावू देऊ नका, मी शनिवारी येतो.

चेकडिस्कला एवढा का घाबरलो ते सांगतो, कारण ही चूक सगळेच करतात. चेकडिस्कचं काम फाइलसिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठं आहे त्याची नोंदवही, दुरुस्त करणं, तुमच्या फायली वाचवणं नाही. ते डिस्कवर लिहितं, ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या चक्क काढून टाकतं, आणि हे सगळं ज्या डिस्कचं डोकं शेवटचे श्वास मोजतंय तिच्यावरच. धडधाकट डिस्कवर लाईट जाऊन गडबड झाली असेल तर जरूर मारा. मरणाऱ्या डिस्कवर नाही.

शनिवारी गेल्यावर आधी आवाज ऐकला. टकटक टकटक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर हेड, म्हणजे डिस्क वाचणारं टोक, गेलंय, पुढचं काही वाचू नका, डिस्क बंद करून लॅबला पाठवा. आमची टकटक करत नव्हती, नुसती कर्र करायची, थांबायची, परत कर्र. मग पेनड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू टाकून त्यावरून कॉम्प्युटर चालू केला. हे एक लिनक्स आहे, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, साधारण एक जीबीचं, पूर्वी सिस्टिमरेस्क्यूसीडी नाव होतं. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्ह बनवायचा, बस. ह्यात डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, फोटोरेक, स्मार्टसीटीएल सगळं आधीच भरलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे जोडलेली डिस्क दिसली रे दिसली की स्वतःहून उघडून बसत नाही. विंडोज तसं करतं, आणि आजारी डिस्कला तेवढीही दगदग नको असते.

स्मार्टसीटीएलनं डिस्कची कुंडली काढली. त्यात दोन ओळी बघायच्या, ५ नंबर म्हणजे किती सेक्टर (डिस्कवरचे लहानात लहान कप्पे) खराब म्हणून बदलले गेले, आणि १९७ नंबर म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीयेत आणि लटकलेत. दोन्ही शून्य असायला पाहिजेत. आमच्याकडं ५ ला १२६४ आणि १९७ ला २३१०. १९९ नंबर वाढला असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा, आमची केबल ठीक होती, नशीब तेवढंही नव्हतं.

पुण्यातल्या एका लॅबला आधीच फोन करून ठेवला होता, त्यांनी न बघता पंचवीस ते चाळीस हजार सांगितले. जास्त आहे असं मी म्हणणार नाही, हेड बदलायचं म्हणजे तसलीच दुसरी डिस्क शोधून, धूळ नसलेल्या खोलीत उघडून करायचं काम आहे. पण डिस्क ओळखू येतेय, फिरतेय, टकटक नाही, तर आधी घरी करून बघायला हरकत नाही असं ठरवलं. अण्णांनी "किती" विचारलं आणि आकडा ऐकून नुसता चष्मा काढून पुसला, म्हणजे ठरलंच.

आता मूळ वस्तू. डीडीरेस्क्यू लिहिलंय अंतोनिओ दियास दियास ह्या माणसानं, पहिली आवृत्ती २००४ ची, अजून सांभाळतोय. फुकट आहे, ग्नू ह्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातलं आहे. करतं काय, तर अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. फायली बिली त्याला कळत नाहीत. त्याची अक्कल आहे ती अडलं की काय करायचं ह्यात. खराब सेक्टर लागला की डिस्क आतल्या आत परत परत वाचायचा प्रयत्न करते, एकेका सेक्टरला कितीतरी सेकंद घालवते, वरून विंडोज परत मागतं, म्हणून ती हिरवी पट्टी थांबते. डीडीरेस्क्यू तिथं रेंगाळत नाही, ती जागा टिपून ठेवतं आणि उडी मारून पुढं जातं, पुढंही खराबच लागलं तर उडी मोठी करतं. शेवटपर्यंत पोचलं की उलट्या बाजूनं मागं येतं. म्हणजे जे सहज मिळतंय ते सगळं पदरात पाडून घेतं, आणि मग त्या टिपलेल्या जागांच्या कडा छाटत छाटत आत शिरतं, अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडतं. मधेच डिस्कनं मान टाकली तरी तोवर बहुतेक सगळं तुमच्याकडं आलेलं असतं. सगळा खेळ ह्या क्रमाचा आहे.

हे मी अण्णांना समजावत होतो तर म्हणाले, म्हणजे आपल्या प्रूफं तपासणाऱ्या कुलकर्णी सरांसारखं, अडलेल्या शब्दाला पेन्सिलीनं खूण करून पुढं जायचं, फॉर्म थांबवायचा नाही, आणि शेवटी सगळ्या खुणा घेऊन लेखकाकडं जायचं. प्रूफवाल्याची ती पेन्सिलची खूण म्हणजेच इथली मॅपफाइल. ह्याच्यापेक्षा चांगलं मला नसतं सांगता आलं.

मॅपफाइल हीच ह्या सॉफ्टवेअरची खरी किंमत. ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुठला तुकडा मिळाला तिथं अधिकचं चिन्ह, कुठला गेला तिथं उणे, न बघितलेल्याला प्रश्नचिन्ह. कमांडमध्ये आधी खराब डिस्क, मग जिथं प्रत बनवायची ती इमेज फाइल, आणि तिसरं नाव मॅपफाइलचं. हे तिसरं नाव नाही दिलं तरी कमांड चालते! मी पहिल्यांदा घाईत तेच केलं, वीस मिनिटांनी लक्षात आलं, थांबवून परत पहिल्यापासून. आणि ती फाइल लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका, पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स रॅममध्ये राहतं, बंद झालं की सगळं गायब. इमेजशेजारी, नव्या डिस्कवरच ठेवायची.

नवी डिस्क २ टीबीची घेतली कारण १ टीबीची इमेज १ टीबीच्या डिस्कवर मावत नाही, फाइलसिस्टिमलाही जागा लागते. आणि ती फॅट३२ फॉरमॅटची असून चालत नाही, त्यात ४ जीबीच्या वर एक फाइल जात नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट.

पहिली फेरी मायनस एन लावून केली, म्हणजे खरवडायचं काम आत्ता नको, आधी सोपं ते घे. दुकानातल्या बोर्डाला यूएसबी २ च, त्यामुळं सेकंदाला ३० एमबीच्या पुढं काटा हललाच नाही. अकरा तासांत ९७ टक्के. स्क्रीनवर सगळं दिसत असतं, किती मिळालं, किती चुका, आत्ताचा वेग, किती वेळ राहिला, आणि एक ओळ असते शेवटचं यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला त्याची. ही ओळ बघण्यासारखी आहे. शून्य शून्य शून्य असते, मग एकदम चाळीस सेकंद, एक मिनिट, छातीत धस्स होतं, आणि परत शून्य. अण्णा रात्री दीड वाजता उठून बघून गेले, "चालू आहे न्हवं?" राहिलेल्या वेळेच्या आकड्यावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, दहा मिनिटांत चार तासाचं एकवीस दिवस होतं आणि परत सहा तास.

रविवारी दुपारी लाईट गेली. यूपीएस आहे, पण गेली दीड वर्षं तो नुसता पिवळा दिवा दाखवायच्या कामाचा. सगळं खाड्कन बंद. वीस मिनिटांनी लाईट आली, कमांड परत टाकली, आणि बाईसाहेब जिथं होत्या तिथूनच सुरू. मॅपफाइल थोड्या थोड्या वेळानं डिस्कवर लिहिली जात असते म्हणून. इथं मी सॉफ्टवेअरला मनातल्या मनात दंडवत घातला.

पण थांबा, खरं संकट इथंच होतं आणि माझा अर्धा स्टार इथंच गेला. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं पडतात आणि कॉम्प्युटर परत चालू केल्यावर ती अदलाबदल होऊ शकतात. आमची झाली. माझी जुनी कमांड वरच्या बाणानं काढता आली असती तर मी तशीच एंटर मारली असती आणि चुकीच्या डिस्कवरचा कचरा चांगल्या इमेजमध्ये भरला असता. रॅम पुसली गेल्यामुळं कमांड परत हातानं टाइप करावी लागली, म्हणून आधी यादी बघितली, म्हणून वाचलो. एलएसबीएलके कमांडनं साइज आणि मॉडेल बघूनच पुढं जा, आणि खरं तर डिस्कचं ते लांबलचक बाय-आयडीवालं नाव वापरा ज्यात सिरियल नंबर असतो, ते बदलत नाही. डीडीरेस्क्यू तुम्हाला विचारणार नाही की भाऊ ही तीच डिस्क आहे का. थेट डिस्कवरून डिस्कवर उतरवायचं असेल तर मायनस एफ दिल्याशिवाय करत नाही, एवढाच काय तो अडसर, आणि नवा माणूस तो मायनस एफ कुठूनतरी बघून देतोच. म्हणून थेट डिस्कवर न उतरवता इमेज फाइलच बनवा, उलटसुलट झालं तरी जुनी डिस्क पुसली जाण्याचा धोका राहत नाही.

दुसरी फेरी मायनस डी आणि मायनस आर ३, म्हणजे थेट डिस्कशी बोल आणि उरलेल्यावर तीन वेळा परत प्रयत्न कर. ह्यालाच तीन दिवस लागले. मी सोमवारची आणि मंगळवारची सुट्टी टाकली, टेबलफॅन डिस्कवर लावून ठेवला, आणि अण्णा तोवर शेजारच्या दुकानात बसून मोबाइलवर पत्रिकांचा मजकूर हातानं लिहून घेत होते. बुधवारी सकाळी बघितलं तर खराब राहिलेलं एकूण ६१ एमबी. ४०९६ बाइटचा एक सेक्टर धरला तर पंधरा हजाराच्या आसपास सेक्टर. तिथं थांबवलं. नंतर पुण्यात डीडीरेस्क्यूव्ह्यू नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये मॅपफाइल उघडून बघितली, सगळं हिरवंगार शेत आणि मधे एका पट्ट्यात लाल पुरळ उठल्यासारखं, बाकी कुठं काही नाही.

इमेज मिळाली म्हणजे फायली मिळाल्या असं नाही, पण आता जुनी डिस्क बाजूला ठेवून बिनधास्त प्रयोग करता येतात. विंडोजवर सेव्हन-झिपनं इमेज उघडून बघितली, हो, तेच आपलं झिपवालं, ते डिस्कची इमेज आणि आतलं एनटीएफएस उघडतं हे फार जणांना माहीत नसतं. सी ड्राइव्ह उघडला, डी ड्राइव्हला एरर. मग टेस्टडिस्कला इमेज दिली, त्यानं डी ची यादी दाखवली, पी दाबला की फोल्डर दिसतात, हव्या त्या फोल्डरवर सी दाबून कॉपी. आणि ती यादी आली तेव्हा अण्णा मागं उभे होते. पाटील पत्रिका न्यू. पाटील पत्रिका न्यू फायनल. पाटील पत्रिका फायनल २ करेक्शन. ह्या नावांवर मी आयुष्यभर हसलो होतो.

हसू तिथं थांबलं कारण नावांची किंमत तेव्हा कळली. टेस्टडिस्कच्या जोडीला फोटोरेक असतो, दोन्ही ख्रिस्तोफ ग्रेनिए ह्यांचे. फोटोरेक फाइलसिस्टिमकडं बघतच नाही, सरळ डिस्कवर फाइलची सुरुवात ओळखून तिथून उचलतो. फाइलसिस्टिम पूर्ण उडाली असेल तर तोच तारणहार. मीही हावरेपणानं चालवून बघितला तर पाचशे-पाचशे फायलींचे फोल्डरच्या फोल्डर भरले, सगळ्यांची नावं एफ आणि पुढं आकडा. फोटोंचं ठीक आहे, डोळ्यांनी बघून लावता येतात. पण डीटीपीवाल्यानं काय करायचं? श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो, आत शोधायला गेलं तर जाधव म्हणून जाधव सापडत नाही, नुसती कसलीतरी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. हजारो बिननावाच्या फायली एकेक उघडून बघायच्या म्हणजे त्यापेक्षा नव्यानं टाइप केलेलं परवडतं. शिवाय जी फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पडलेली असते ती फोटोरेककडून बऱ्याचदा मोडकीच येते. म्हणून आधी टेस्टडिस्क, आणि तिथं काहीच नाही दिसलं तर फोटोरेक.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जी मला मॅन्युअल वाचताना तिसऱ्या दिवशी कंटाळून कंटाळून सापडली. फायली तर आल्या, पण त्या ६१ एमबीतली भोकं कुठल्या फायलींत आहेत? इमेजमध्ये त्या जागी नुसती शून्यं असतात, फाइल दिसायला पूर्ण साइजची, तारीख बरोबर, आणि गिऱ्हाईक समोर बसल्यावर उघडली की अर्धं पान गायब. डीडीरेस्क्यूला फिलमोड आहे. त्यात तुम्ही एक शब्द द्यायचा, ते मॅपफाइल बघून फक्त खराब जागांवर तो शब्द परत परत लिहून भरतं. मग कॉपी केलेल्या सगळ्या फायलींत तो शब्द शोधायचा, ज्यात सापडला ती फुटकी. मी इंग्रजीत खराबसेक्टर असं लिहून भरलं, ग्रेप ही फायलींत शब्द शोधणारी कमांड चालवली, आणि ४३ नावं आली. बत्तीस हजार फायलींतल्या ४३. (हे करताना इमेजमध्ये लिहिलं जातं, तेव्हा जागा असेल तर इमेजची प्रत काढून तिच्यावर करा. मी केली नाही, जागा नव्हती, पण तुम्ही करा.) हे इतकं साधं आणि हुशार काम आहे की ह्या एका गोष्टीसाठी ह्या माणसाला सांगलीची भडंग पाठवावी असं वाटलं.

बाकी तक्रारी. दिसायला काहीही नाही, काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. मॅन्युअल चांगलं आहे पण लांबलचक, इंग्रजीत, आणि पहिल्यांदा वाचताना परीक्षेचा पेपर वाटतो. नावाचा गोंधळ वेगळाच, डीडी अंडरस्कोर रेस्क्यू नावाचं दुसऱ्याच माणसाचं दुसरंच सॉफ्टवेअर आहे, आणि उबुंटूवर आपल्याला हवं असलेलं जीडीडीरेस्क्यू नावानं इन्स्टॉल करावं लागतं, कमांड मात्र डीडीरेस्क्यूच.

कुणी वापरू नये तेही सांगतो. डिस्क पडलीय, टकटक करतेय, बायोसमध्ये दिसतच नाही, तर ह्यानं काही होणार नाही, उलट चालू ठेवाल तेवढं जास्त नुकसान. एसएसडीचं गणित वेगळं, ती बहुतेक वेळा असा मोडका-तोडका वेळ देत नाही, एकदम जाते. डिस्क धडधाकट आहे आणि नुसती फाइल चुकून डिलीट झालीय तर एवढा खटाटोप कशाला, रेकुवा बिकुवा पुरतं. आणि कृपा करून डिस्क फ्रिजमध्ये ठेवू नका, दुकानात दोन जणांनी सुचवलं मला, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि हेड तर प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. उघडून बघणं तर नाहीच नाही.

त्या ४३ मध्ये बहुतेक विंडोजचाच कचरा होता, काही जुने फ्लेक्सचे फोटो, दोन पतसंस्थांचे २०१४ चे अहवाल जे आता कुणी मागणार नाही. एकच चटका लावणारी निघाली, मिरजेच्या एका गिऱ्हाइकाची वंशावळ, नऊ पिढ्यांची, अण्णांनी महिनाभर बसून आखलेली. कोरलमध्ये उघडतच नाही, फाइलची सुरुवातच भोकात गेलीय. त्या काकांकडं छापलेली प्रत होती, ती त्यांनी आणून दिली. अण्णा रोज दुकान बंद करायच्या आधी एक पिढी टाइप करतात, काल फोन केला तेव्हा सहाव्यावर होते.